मर्जीतून उतरला की मनातून?

ऐरोलीचे एक वाचक व्हिडिओ गेममधल्या गोष्टी मराठीतून सांगणारे व्हिडिओ बनवतात. सध्या त्यांनी 'रेड डेड रिडेम्प्शन २' हातात घेतलाय. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: टोळीचा प्रमुख डच आणि त्याचा सबऑर्डिनेट आर्थर यांचं नातं हळूहळू बिघडत जातं. 'तणावपूर्ण संबंध' म्हटलं तर भारत-चीन सीमेची बातमी वाचल्यासारखं वाटतं. 'वितुष्ट' म्हटलं तर आईने विचारलं, "जमिनीचा दावा चालू आहे का त्यांचा?" मग नेमका शब्द कोणता? आणि जाता जाता, सबऑर्डिनेटला काय म्हणायचं?

आईंचा कान तयार आहे. 'वितुष्ट'ची अडचण त्यांनी एका वाक्यात पकडली. भावाभावांत वितुष्ट येतं, सोसायटीच्या कमिटीत बेबनाव होतो, दोन गटांत तेढ वाढते, जावाजावांत वाकडं येतं. या सगळ्या वाक्यांतला 'त' बघा. भावां-त, गटां-त, जावां-त. दोघं एकाच जमिनीवर उभे आहेत आणि जे काही बिनसलंय ते दोघांच्या मधे पडलंय. जमिनीच्या दाव्यात दोन्ही भावांची नावं सातबाऱ्यावर असतात, म्हणून तिथे 'वितुष्ट' शोभतं. डचच्या टोळीत सातबारा एकट्या डचच्या नावावर आहे.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गेम २०१८ साली आला, गोष्ट मात्र १८९९ सालच्या अमेरिकेतली. आर्थर मॉर्गन हा पोरवयातच डच व्हॅन डर लिंडच्या टोळीत आला आणि डच व होझिया या दोघांच्या हाताखाली वाढला. ब्लॅकवॉटर गावातली लूट फसल्यावर टोळी पळत सुटते. डचकडे दर वेळी नवा बेत तयार असतो, आणि दर बेतामागे काही माणसं मरतात. आपण, म्हणजे खेळणारे, आर्थर असतो.

तर एक वर आणि एक खाली अशा नात्यासाठी मराठीत शब्द नाहीत असं नाही. उलट आपल्याकडे ते जरा जास्तच आहेत, कारण दरबार, वाडा आणि कचेरी या तिन्ही ठिकाणी आपलं बरंच आयुष्य गेलंय. फक्त ते शब्द एकदिश आहेत. वरून खाली बघताना एक आणि खालून वर बघताना दुसरा.

वरून खाली बघणारा शब्द म्हणजे मर्जी. मूळ अरबी, आपल्याकडे आला तो दरबाराच्या वाटेने. मर्जी बसते, मर्जी राखावी लागते, मर्जी फिरते, मर्जीतली माणसं असतात आणि त्यातली काही मर्जीतून उतरतात. आता एक गंमत करून बघा. "मी साहेबांच्या मर्जीतून उतरलो" हे वाक्य अगदी सरळ आहे. "साहेब माझ्या मर्जीतून उतरले" हे म्हणून बघा. ऑफिसच्या कँटीनमध्ये हशा होईल, कारण ते फक्त विनोद म्हणूनच बोलता येतं. मर्जी ही वरच्याच्या मालकीची वस्तू आहे. खालच्याकडे ती नसतेच.

याच घरातला, हल्ली कमी ऐकू येणारा पण मला फार आवडणारा शब्द म्हणजे 'खप्पामर्जी'. यातला 'खप्पा' म्हणजे फारसीतून आलेलं 'खफा', हिंदी गाण्यांत रोज भेटणारं. वरिष्ठांची खप्पामर्जी झाली की बदली गडचिरोलीला, असं आमच्या वडिलांच्या पिढीतले सरकारी नोकर सहज बोलत. मित्राची खप्पामर्जी होत नाही, बायकोची झाली असं कुणी म्हणालं तर ते तिला मुद्दाम सिंहासनावर बसवणं असतं.

तुम्ही कधी 'हेलो २'वर व्हिडिओ केलात तर हा शब्द तिथे वापरा. २००४ सालचा तो गेम सुरू होतो तेव्हा परग्रहवासीयांच्या फौजेचा सेनापती त्यांच्या धर्मगुरूंसमोर उभा असतो. 'हेलो' नावाचं पहिलं अवकाशातलं वलय त्याला राखता आलं नाही, म्हणून भर दरबारात त्याच्या छातीवर नामुष्कीचा डाग दिला जातो. नंतर त्याच गुरूंकडून 'आर्बिटर' हे पद मिळतं, ज्याचा मान मोठा आणि कामगिरी मरायची. हे वितुष्टही नाही आणि तणावही नाही. ही शुद्ध खप्पामर्जी. पुढे गुरू त्याच्या सगळ्या जमातीलाच दूर करून दुसऱ्या जमातीला जवळ करतात, तेव्हा तो उलटतो. तिथून पुढे शब्द बदलायचा, तिथे 'बंड'.

आपल्या इतिहासातही याचा नमुना आहे. १६६६ साली नेताजी पालकर पन्हाळ्यावर वेळेत पोचला नाही. सभासद बखरीत महाराज त्याला विचारतात, "समयास कैसा पावला नाहीस?" आणि बखरकार पुढे म्हणतो, 'शब्द लावून' सरनोबती दूर केली. शब्द लावणे! बोल लावणे आपण आजही म्हणतो, पण 'शब्द लावून' या दोन शब्दांत वरच्याचा आवाज, खालच्याची मान आणि मधलं अंतर तिन्ही आलं. (ठाण्यात बसून नेता आणि हाताखालचा यांच्या बिनसण्यावर लिहिताना सतराव्या शतकातलंच उदाहरण का घेतलं, हे सुज्ञांना सांगायला नको.)

आता तुमच्या आर्थरकडे येऊ. शेवटाकडे तो डचच्या मर्जीतून उतरतो हे खरं, मायका नावाचा इसम डचच्या कानाला लागलेला असतो. पण गोष्ट ती नाही. गोष्ट खालून वर बघणाऱ्याची आहे, कारण आपण आर्थरच्या डोळ्यांनी बघतोय. आणि खालून वर बघणारा शब्द म्हणजे 'मनातून उतरणे'.

हे मला कोशात सापडलं नाही, लोकलमध्ये सापडलं. मागच्या पावसाळ्यात ठाण्याहून वाशीच्या गाडीत कॉलेजची दोन पोरं समोर उभी होती, पाठीला सॅक, हातात एकच मोबाइल. बोलणं याच गेमचं. एक म्हणाला, "डच ना, डोक्यातच गेला माझ्या." दुसरा थोडा थांबून म्हणाला, "माझ्या तर मनातून उतरला. त्या रिफायनरीत नाही का, बघून निघून गेला." रबाळे आलं आणि पोरं उतरली. मला कोपरखैरण्यापर्यंत पुरेल एवढं काम देऊन गेली.

डोक्यात जाणं आणि मनातून उतरणं. जो डोक्यात जातो त्याचा राग येतो, तो अजून आपल्या आत आहे. जो मनातून उतरला त्याचा रागही येत नाही. आणि उतरण्यासाठी आधी वर चढलेला असावा लागतो. ज्याला आपण कधी मानलंच नाही तो मनातून उतरू शकत नाही. मायका कधीही आर्थरच्या मनातून उतरत नाही, तो पहिल्यापासून डोक्यातच गेलेला असतो.

त्या पोराने जो प्रसंग सांगितला तो बघा. तेलाच्या कारखान्यात चकमक चालू आहे. एक सैनिक आर्थरच्या अंगावर आहे. डच तिथे येतो. बघतो. आणि वळून निघून जातो. आर्थरला वाचवतो तो दुसराच एक तरुण. भांडण नाही, आरोप नाही, थप्पड नाही. इंग्रजीत या जागी 'विश्वासघात' या अर्थाचा शब्द सर्रास वापरतात. मराठीत विश्वासघात म्हटलं की कुणीतरी काहीतरी केलं पाहिजे. डचने काहीच केलं नाही, तोच तर मुद्दा आहे. 'उतरला' हे क्रियापद अकर्मक आहे, त्याला कुणी उतरवावं लागत नाही.

'हळूहळू'साठीही वेगळा शब्द शोधू नका. 'उतरत गेला' म्हणा. सेंट डेनिस शहरातला बडा गुंड ब्राँटे, त्याला डचने पाण्यात बुडवून मारलं तेव्हा थोडा उतरला, ग्वार्मा बेटावर वाट दाखवणाऱ्या म्हातारीचा गळा दाबला तेव्हा आणखी. 'त जाणे' या जोडणीत ते सगळे महिने मावतात. म्हणजे तुमचं वाक्य साधारण असं: "डच आर्थरच्या मनातून उतरत गेला." कर्ता डच, मन आर्थरचं. तुमच्या मूळ वाक्यात दोघं शेजारी शेजारी बसले होते, इथे आपोआप वरखाली झाले.

एका ठिकाणी मात्र सावध राहा. डच सारखा 'फेथ' मागतो. त्याला 'विश्वास ठेव' करू नका. विश्वास मी रिक्षावाल्यावरही ठेवतो. डचला निष्ठा हवी असते, आणि निष्ठा मर्जीच्या बरोबर उलटी, ती फक्त खालून वर जाते. पण तोंडाने तो 'निष्ठा' म्हणणार नाही, ते पुढाऱ्याच्या फलकावरचं वाटेल. तो म्हणेल, "भरवसा आहे ना माझ्यावर?" प्रश्न प्रेमाचा, मागणी हुकमाची. मी तरी 'भरवसा' घेईन.

सबऑर्डिनेटचं लवकर उरकतो. 'अधीनस्थ' सोडा, ते हिंदीतल्या परिपत्रकातून आलंय. 'कनिष्ठ' लिपिकाला लागतं. 'दुय्यम' बरोबर आहे, मूळ अर्थ नुसता 'दुसरा', आणि आर्थर टोळीत खरोखर दुसऱ्या क्रमांकाच्या जवळपास आहे. पण आता दुय्यम म्हणजे कमी दर्जाचा असा वास त्याला येतो, नाहीतर दुय्यम निबंधकाची रांग आठवते. गुन्हेगारीच्या बातमीत 'म्होरक्या आणि त्याचे साथीदार' असतं. डचला 'म्होरक्या' झकास बसतो. म्होरक्या पुढे चालणारा, आणि गुरांच्या तोंडावर बांधायच्या दोरीला म्होरकी म्हणतात, हे कळल्यावर तो शब्द आणखी आवडायला लागतो. 'साथीदार' मात्र सगळ्यांना एका पातळीवर आणतो. 'हस्तक' म्हणजे ज्याला स्वतःचं डोकं नाही. 'पंटर' आपल्याकडच्या नाक्यावरचा, तो डचच्या टोळीतल्या चिल्लर पोरांना द्या. आर्थरला मी साधं 'हाताखालचा माणूस' म्हणेन, आणि सुरुवातीच्या प्रकरणांत 'उजवा हात'. लक्षात आलं का, हस्तक, हाताखालचा, उजवा हात, आपल्याकडे सगळा हाताचाच कारभार आहे. हिंदीतला 'मातहत'सुद्धा त्यातलाच वाटतो, पण नाही, तो अरबी 'मा तहत', म्हणजे 'जे खाली आहे ते'.

वर्तमानपत्री शब्दांची मी इतकी टर उडवली, तर एकाचं कौतुकही करतो. 'धुसफूस'. पक्षात धुसफूस, संघात धुसफूस. उघड बोलायची सोय नसलेल्यांचा आवाज आहे तो. २०१२ सालच्या 'स्पेक ऑप्स: द लाइन' या गेममध्ये वाळूखाली गाडलेल्या दुबईत कॅप्टन वॉकर दोन सहकाऱ्यांना घेऊन फिरतो. तिथे आपण वरचे असतो, अॅडम्स आणि लुगो खालचे. सुरुवातीला हुकूम-होकार अगदी कवायतीतल्यासारखे चालतात. पुढे पुढे तेच हुकूम ओरडून, शिव्या देऊन दिले जातात आणि उत्तरंही तशीच येतात. मधल्या टप्प्यातली ती घुसमट म्हणजे धुसफूस. आर्थर धुसफुसत नाही, तो गप्प होतो, म्हणून तुमच्या व्हिडिओत नको.

शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीत पण अडणार तिथेच. आर्थर डचला 'तू' म्हणेल की 'तुम्ही'? इंग्रजीने हा प्रश्न टाळलाय, मराठीत तो टळत नाही. माझी पहिली नोकरी महापेला होती. तिथले साहेब मला "अरे, ये जरा" म्हणून हाक मारायचे. एका प्रकरणात मी त्यांच्या विरोधात खरं बोललो. दुसऱ्या दिवशी टेबलाशी येऊन म्हणाले, "आपण ती फाइल पाठवलीत का?" आवाज चढलेला नव्हता. त्या 'आपण'नंतर मी तीन महिन्यांत दुसरी नोकरी बघितली. मराठीत मान वाढला की समजायचं माणूस गेला.

त्यामुळे मोह होईल की शेवटच्या प्रकरणात आर्थरला 'तू'वरून 'तुम्ही'वर न्यावं. करू नका, आर्थर असा तिरका बोलणारा नाही. 'तू' शेवटपर्यंत राहू द्या. बदल डचकडून करा. डच त्याच्याशी बापाच्या थाटात बोलतो, त्या जागी 'बाळा' किंवा 'मुला' टाकलंत तर शाळेचं गॅदरिंग होईल. 'लेका' घ्या. "अरे लेका, एवढा बेत पार पडू दे." लेका म्हणजे मुलगा, लेका म्हणजे दोस्त आणि लेका म्हणजे थोडी दटावणीही. पहिल्या प्रकरणांत भरपूर पेरा. बँकेचा दरोडा फसून होझिया मारला जातो, त्यानंतर एकेक करून काढून घ्या, आणि रिफायनरीनंतर डचच्या तोंडी एकही ठेवू नका.