शेंगदाण्यांचा हिशेब

“मॅडम, बीपीची गोळी एकदा लागली की आयुष्यभर सुटत नाही म्हणतात. मग ती लावूनच घेतली नाही तर?” असंसर्गजन्य रोगांच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. या वेळी विचारणारे गृहस्थ 54 वर्षांचे, शाळेत लिपिक होते. डॉक्टरांची चिठ्ठी चार घड्या घालून खिशात होती. औषध मात्र आणलेच नव्हते, कारण शेजाऱ्यांची किडनी ‘गोळ्यांनीच गेली’ असे त्यांच्या कानावर आले होते.

चिठ्ठीवर 156/98 हा आकडा होता, पण तो दोन जिने चढून आल्याबरोबर घेतलेला होता. म्हणून डॉक्टरांच्या संमतीने आठवडाभर घरी मोजायचे ठरले: पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, हात छातीच्या पातळीवर ठेवून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा. सरासरी 148/94 आली. घरच्या मोजणीत 135/85 आणि त्यापुढचा दाब जास्त धरतात, त्यामुळे ‘दवाखान्यात आलो की वाढतो’ ही पळवाट उरली नाही.

मग मी टेबलावर 100 शेंगदाणे मांडले. त्यांचे वय, दाब आणि तंबाखूची सवय पाहून डॉक्टरांनी पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येण्याचा धोका शंभरात साधारण 20 असा धरला होता. तेवढे दाणे मी बाजूला काढले. वरचा दाब 10 ने उतरला तर असे धोके सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, म्हणून त्यांतले चार परत ढिगात सरकवले.

“म्हणजे 80 जण उगाचच गोळी खाणार, आणि 16 जणांना खाऊनही झटका येणारच?” त्यांनी विचारले. लिपिकाची नजर हिशेबात चुकत नाही. मी होय म्हटले. ते चार कोण, हे आधी कोणालाच सांगता येत नाही, हेही सांगितले. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “मामंजी सहा वर्षं अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळून होते. करणारी मीच होते.” ते बराच वेळ त्या चार दाण्यांकडे पाहत राहिले.

गोळीचे तोटे मी लपवले नाहीत. अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते, काही औषधांनी कोरडा खोकला लागतो, तर काहींमुळे रक्तातले पोटॅशियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) वाढू शकते म्हणून रक्त तपासावे लागते. मात्र वर्षानुवर्षे चढा राहिलेला दाब स्वतःच मूत्रपिंड खराब करतो, आणि शेजाऱ्यांच्या बाबतीत आधी काय बिघडले हे आपल्याला ठाऊक नव्हते. या गोळीचे व्यसन लागत नाही. ती सोडली की दाब पुन्हा मूळ जागी जातो, एवढाच ‘न सुटण्याचा’ अर्थ. लोणचे-पापड आणि वजन कमी झाल्यावर मात्रा घटवता येते, क्वचित गोळी थांबवताही येते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अम्लोडिपिन सुरू केले. तीन आठवड्यांनी ते आले आणि मोजा खाली करून घोट्यावर उमटलेला खोल वळ दाखवला. “सुजलंय, पण गोळी बंद केली नाही. दुसरी देतात का विचारायला आलोय,” असे म्हणून ते डॉक्टरांच्या रांगेत जाऊन बसले.