घरी केलेल्या स्लेअर कॉइलच्या टोकाला जांभळा उजेड का दिसतो?

स्लेअर कॉइल म्हणजे एका ट्रान्झिस्टरवर चालणारी, खूप जास्त व्होल्टेज तयार करणारी छोटी तारेची गुंडाळी. तिच्या टोकाचा उजेड म्हणजे कोरोना डिस्चार्ज, टोकाजवळच्या हवेतून होणारी वीजगळती. हवा साधारण मिलिमीटरला ३ किलोव्होल्टला फुटते, पण तारेच्या टोकदार टोकाशी क्षेत्र एकवटतं, म्हणून तेवढीच हवा आधी आयनित होते. जांभळा रंग नायट्रोजनचा. त्याचा बराचसा प्रकाश तर ३३७ नॅनोमीटरला, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. झोंबणारा वास ओझोनचा, तेव्हा खिडकी उघडी ठेवा.

टोकावर चमक हवी असेल तर तार तिरकी कापा. नको असेल तर पिंगपाँगच्या चेंडूला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून वर बसवा आणि टोक त्याला नीट टेकवा. फॉइलला सुरकुती राहिली की चमक तिथूनच निघते.

उजेड मधल्या वेढ्यांत दिसला तर मात्र लगेच बंद करा. तिथे तारेचं इनॅमल, म्हणजे वरचा इन्सुलेशनचा थर, खरवडलंय किंवा वेढा वेढ्यावर चढलाय. पिवळट-नारिंगी झाक म्हणजे बहुधा इन्सुलेशन जळतंय. तो भाग पुन्हा गुंडाळून वार्निशचे दोन-तीन हात द्या, रात्रभर वाळू द्या. खालच्या बाजूला ठिणगी पडत असेल तर प्रायमरी (खालची मोजक्या वेढ्यांची गुंडाळी) पाचेक मिलिमीटर लांब सरकवा.

चमकच नसेल? प्रायमरीची दोन टोकं अदलाबदल करा. नव्या कॉइलमध्ये बहुतेकदा तेवढंच चुकलेलं असतं. ठिणगीला बोट लावू नका, झटका जाणवला नाही तरी कातडी भाजते.