नजर पाण्यावर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मॅनेजर म्हणाले, संध्याकाळच्या बॅचला तू तलावाकाठी जीवरक्षकाच्या खुर्चीवर नुसतीच बसलेली असतेस; तर दारावरचे पास बघत जा, क्यूआर कोडवर पैसे आले का तपासत जा, आणि उथळ भागातल्या चार शिकाऊ पोरांना पाय मारायला शिकव. तू हो म्हणालीस. आता रात्री झोप लागत नाही आणि मला विचारतेस, "सर, मी उगाच घाबरतेय का?"

उगाच नाही. झोप उडाली हे चांगलंच झालं. राग मला त्या "हो"चा आलाय.

"नुसतीच बसलेली" हे मी 31 वर्षं ऐकलं. साहेबांकडून, सभासदांकडून, लग्नात भेटलेल्या पाहुण्यांकडूनसुद्धा. तलावावर जीवरक्षकाचं काम एकच आहे: नजर पाण्यावर. त्यात दुसरं काम मिसळलं की पहिलं उरतच नाही. अर्धी नजर ठेवली असं कधी होत नसतं.

तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगतो. मे 1997. उन्हाळी शिबिर, बॅचला साठ-सत्तर पोरं. कारकून रजेवर होता. तेव्हाचे साहेब म्हणाले, जरा पावत्या फाड. मी खुर्चीवरून उठून दाराजवळच्या टेबलाशी बसलो. तोंड पाण्याकडेच होतं, हे मी स्वतःला पुढे कितीदा तरी बजावलं. तोंड पाण्याकडे होतं आणि डोळे पावतीपुस्तकावर. आठ वर्षांचा एक मुलगा दोरी ओलांडून पाच फुटांच्या पट्ट्यात गेला. ओरडला नाही. त्याच्यापासून दोन हातांवर पोरं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती, त्यांनाही कळलं नाही. एक मुलगी काठाशी येऊन म्हणाली, "काका, तो खाली काय शोधतोय?" तेव्हा मी उडी मारली.

वर काढला तेव्हा श्वास नव्हता. कुणी म्हणालं पाय धरून उलटा करा, कुणी पोट दाबायला धावलं. सगळ्यांना बाजूला सारून मी तोंडाने श्वास दिले. तो खोकला, ओकला, मग रडायला लागला. त्या रडण्याइतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

पुढच्या आठवड्यात माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्या मुलाची आई माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत आणि तोंडही उघडलं नाही. ताई, मी पावत्या फाडत होतो, एवढंच बोलायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तुझ्या वयाहून जास्त वर्षं गेली. ती शाल मी एकदाही अंगावर घेतलेली नाही.

खूप पुढे एका प्रशिक्षणात फ्रँक पिया हे नाव ऐकलं. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवरचे जीवरक्षक. बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून त्यांनी दाखवून दिलं की बुडणारा "वाचवा" म्हणत नाही. त्याला श्वासच पुरत नाही, तर हाक कुठून येणार? तो पाण्यात उभा असतो, तोंड वर-खाली होत असतं, हात बाजूला पाणी दाबत असतात. पायांना जोर नसतो. हे 20 ते 60 सेकंद चालतं, मग तो खाली जातो. जीवरक्षक हजर असूनही माणूस का बुडतो, याची तीन कारणं त्यांनी 1984 मध्ये मांडली: बुडणं ओळखता न येणं, दुसरंच काम मध्ये घुसणं आणि लक्ष विचलित होणं. दुसरं कारण ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर पावतीपुस्तक आलं. तुझ्या डोळ्यांसमोर तो क्यूआर कोड येऊ दे.

त्या शिकाऊ चार पोरांचंही तेच. तू चौथ्या पोराच्या पोटाखाली हात धरून उभी असशील तेव्हा दहा फुटांत कोण आहे, हे तुला दिसणार नाही. शिकवायचं असेल तर शिकव, तुझा हात चांगला आहे. पण त्या वेळी खुर्चीवर दुसरा जीवरक्षक बसलेला पाहिजे. आणि शिकवताना पोरांना आधार कसा आणि कुठे देणार, हे आईबापांना पहिल्याच दिवशी सांग. कपडे बदलायच्या खोलीत एकट्या मुलाबरोबर जाऊ नकोस. कुणा सहकाऱ्याचं वागणं खटकलं तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पोक्सो कायदा 2012 पासून आहे. मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही गप्प बसणं हा त्यात गुन्हा आहे. "आपल्यातलाच माणूस आहे" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस.

बघायचं कसं, हे तुला येतं असं मी धरून चाललो होतो. तरी सांगतो. आधी तळ बघ, मग मधलं पाणी, मग पृष्ठभाग. पृष्ठभाग चमकतो, तोच डोळ्यांना ओढतो. चारच्या उन्हात तिरीप येते तेव्हा खुर्ची हलव, कुणी हसलं तरी हलव. लांब श्वास घेऊन पाण्याखाली किती पट्टे मारतो, अशी पैज लावणाऱ्या तरण्या पोरांना शिट्टी मारून वर काढ. भराभर श्वास घेऊन खाली गेलं की श्वासाची ओढ उशिरा लागते आणि चांगला पोहणारासुद्धा तिथेच शुद्ध हरपतो. बॅच संपली की पास मोज, डोकी मोज.

आणि तळ दिसला नाही तर तलाव बंद. खोल टोकाच्या तळावरची जाळी काठावरून स्पष्ट दिसलीच पाहिजे. एकदा ऐन मे महिन्यात मी दोन दिवस तलाव बंद ठेवला. अध्यक्षांचे पाहुणे दारावरून परत गेले. मला तीन महिने फिल्टर प्लांटवर टाकलं. तिथे पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते, 7.2 ते 7.8 आणि क्लोरीन 1 ते 3 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक ते तीन भाग, का ठेवायचा, हे मन लावून शिकलो. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एका बादलीत गेलं तर विषारी वायू होतो, हेही तिथेच कळलं. म्हणजे शिक्षा वाया गेली नाही. लोक मला हेकट म्हणत. म्हणू देत. तो गढूळ तलाव उघडला असता तर खाली पडलेलं मूल मला दिसलं नसतं, यावर मी आजही भांडायला तयार आहे.

एक मात्र डाचतं. एका नवख्या पोराला खुर्चीवर मोबाइल बघताना पकडलं आणि त्याच दिवशी त्याला कामावरून काढायला लावलं. त्याच्या घरची परिस्थिती मला माहीत होती. त्याला बाजूला घेऊन 1997 ची गोष्ट सांगितली असती तर तो कदाचित आपल्यातला सगळ्यात चांगला जीवरक्षक झाला असता. पण ती गोष्ट सांगायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी आवाज चढवला. तरीही तो त्या क्षणी खुर्चीवरून उठायलाच हवा होता, हे मी मागे घेत नाही.

आता उद्याचं. मॅनेजरना भांडून नको, लेखी दे. माझ्या ड्यूटीच्या वेळेत मी काउंटर आणि शिकवणी करणार नाही, त्यासाठी दुसरी व्यक्ती द्यावी. दोन ओळी, खाली तारीख, आणि एक प्रत स्वतःकडे. नोकरी जाईल का? जाऊही शकते, खोटं कशाला सांगू. गेली तर माझ्याकडे ये, दोन-तीन तलावांवर माझा शब्द अजून चालतो. आणि सीपीआरचा सराव मोडू देऊ नकोस. बुडालेल्याला आधी हवा लागते, नुसती छाती दाबून भागत नाही. 30 दाब, 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 चा वेग, हातांना सवयीने यायला हवं.

मीही उद्या त्या मुलाच्या माउलीकडे जाणार आहे. गाव तेच आहे, घर माहीत आहे. काय म्हणतील ते म्हणोत.

या पत्राचं उत्तर ड्यूटीवर लिहू नकोस. शेवटचा माणूस पाण्याबाहेर आला, डोकी मोजून झाली, की मग लिही.

तुझे,
सर