पिंजरा मागण्याआधी खुराडं बघा

कोंबड्या, शेळ्या गमावलेल्या वाचकांची पत्रं या महिन्यात बरीच आली. त्यांतली चार निवडली आहेत.

गेल्या आठवड्यात तीन रात्रींत पाच कोंबड्या गेल्या. शेजारी म्हणतात, मुंगूस आहे. पिंजऱ्यात पकडून नदीपलीकडे सोडू का? (संगमेश्वर)

मुंगूस दिवसा फिरतं. कोंबड्या रात्री गेल्या असतील तर त्याच्यावर आळ घेऊ नका. रानमांजर, उदमांजर किंवा गावातलीच मोकाट कुत्री असण्याची शक्यता जास्त. खुराड्याभोवती राख पसरा आणि सकाळी ठसे बघा. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, रानमांजराच्या सहसा उमटत नाहीत.

पकडायचं मात्र नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात सापळा लावणं, इतकंच काय, तसा प्रयत्न करणंही शिकारच धरली जाते. शिवाय एक प्राणी उचलला तरी खुराड्याची फट तशीच राहते आणि दुसरा येतो. षटकोनी घरांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी घ्या, ती फूटभर जमिनीत गाडा आणि दाराला घट्ट बसणारी कडी लावा. पिलं दिवसा डालग्याखाली ठेवा, वर दगड हवाच.

बिबट्यानं दोन शेळ्या नेल्या. वन खात्याचा पिंजरा येत नाही. गावानं वर्गणी काढून लावला तर? (अकोले)

अडीनडीला विकायची शेळी जाते तेव्हा घराचं काय होतं, हे मी अनेक दारांत उभं राहून पाहिलं आहे. म्हणून आधी भरपाईचं सांगतो. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वन कार्यालयाला कळवा. शेळीचे अवशेष सापडले असतील तर पंचनामा होईपर्यंत हलवू नका, आणि फोटो काढून ठेवा.

गावाचा पिंजरा हा गुन्हा आहे, ३ ते ७ वर्षांच्या कैदेचा. बिबट्या पकडायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देतात, तीही तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल तर. हा नियम तुम्हाला जाचक वाटेल, पण जुन्नरला काय झालं ते ऐका. तिथं २००१पासून बिबटे धरून दूरच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, पुढं ते १७वर गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब मांडला. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात भेदरलेला प्राणी तिथं मुकाट बसत नाही. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून २००९मध्ये काढलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडला होता. गळ्यात रेडिओ कॉलर घालून तो शंभराहून अधिक किलोमीटर चालत थेट मुंबईजवळच्या जंगलात पोचला.

तुमच्याच तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला आहे. त्याच्या खाण्यात कुत्री ३९ टक्के निघाली आणि शेळ्या ११ टक्के, शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट असूनही! कारण शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात. तुमचा गोठा याच नजरेनं तपासा. नुसती भिंत कितीही उंच बांधली तरी बिबट्या चढतो, वरून छत किंवा जाळी हवीच. दार तकलादू नको. मोकाट कुत्री आणि वस्तीजवळ टाकलेलं मेलेलं जनावर, ही त्याला दिलेली आमंत्रणं आहेत. गावानं वर्गणी काढलीच असेल तर ती गरिबांच्या गोठ्यांच्या जाळीवर खर्च करा. माझी ही कळकळीची विनंती आहे.

रानडुकरांसाठी क्लच वायरची फासकी लावतो. त्यात कोल्हा सापडला. सोडवू का? (शाहूवाडी)

स्वतः सोडवू नका, तो चावेल. वन खात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा आणि माणसं लांब ठेवा. बाकीची फासकी आजच काढून टाका. तार डुक्कर आणि बिबट्या यांत फरक करत नाही. सुटायच्या धडपडीत ती कमरेत रुतत जाते. मी अशी जनावरं पाहिली आहेत, आणि ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही.

ऊसतोडीत बिबट्याची दोन पिलं सापडली. मादी दिसत नाही. घरी आणली तर चालेल? (निफाड)

नको. बहुतेक वेळा मादी जवळपासच असते, तुमच्या गलक्यानं लपलेली. पिलांना हात लावू नका, त्या बाजूची तोड थांबवा आणि १९२६वर कळवा. वन खात्याची माणसं पिलं तपासून संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, आणि मादी पुष्कळदा अंधारात येऊन त्यांना एकेक करून उचलून नेते. त्या रात्री कुत्री बांधून ठेवा. तोडणी कामगारांच्या कोप्या फडाला लागून असतील तर त्यांची झोपायची सोय गावात करा, आणि बॅटरी घेऊन बघायला कुणालाही जाऊ देऊ नका.