मीपण त्याला ढकललं होतं, मग तक्रार कशी करू?

न्यू जर्सीत समुपदेशन करते, माझ्याकडे गे-लेस्बियन मुलंमुली येतात, बरीचशी आपली देसी, काही ब्लॅक, काही लॅटिनो, आणि एक प्रश्न फिरून फिरून कानावर येतो, "मीपण हात उचललाय, मग याला अत्याचार कसं म्हणू?" म्हणून निखिलबद्दल लिहिते. नाव, तपशील बदललेत.

निखिल विदर्भातला, नवरा अमेरिकन नागरिक. सुरुवातीला तो स्वतःचेच दोष सांगायचा. "ताई, दोघं पुरुष आहोत, होतंच थोडं. आणि मी त्याला ढकललं होतं ना, तो म्हणतो पोलीस आले तर आधी तुलाच नेतील."

ही भीती खोटी नाही हां. दोघं पुरुष किंवा दोघी बायका असल्या की मार कोण खातंय हे पोलिसांना चटकन कळत नाही, कधी दोघांनाही अटक होते, त्यात सावळा रंग आणि पेपर्सचं टेन्शन.

कोणी किती मारलं हा हिशेब मी मांडतच नाही. मी विचारलं, "त्याची गाडी दारात आली की तू काय करतोस?"

"टीव्ही बंद करतो. सिंकमध्ये भांडं राहिलं नाही ना बघतो. आईचे मेसेज डिलीट करतो."

"आणि तू घरी आलास की तो काय करतो?"

बराच वेळ गप्प. मग हळूच, "तो काहीच करत नाही, ताई." आणि ढसाढसा रडला.

त्या दिवसापासून "मीपण" हा शब्द त्याच्या बोलण्यातून गेला. इतक्या वर्षांत माझं हे मत पक्कं झालंय की ढकलाढकली दोन्हीकडून होऊ शकते, पण दबून एकच जण राहतो, आणि ते मारहाणीच्या यादीत दिसत नाही, रोजच्या बारीकसारीक सवयींत दिसतं. मला हेच शोधता येतं, आणि त्याचं समाधान वाटतं.

नवऱ्याच्या हातात दोन धमक्या होत्या, ग्रीन कार्ड होऊ देणार नाही आणि तुझ्या आईला फोटो पाठवीन. पहिलीवर इलाज आहे. स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा अमेरिकेचा जो १९९४चा कायदा आहे तो पुरुषांनाही लागू होतो, नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या जोडीदाराने छळलं तर ग्रीन कार्डसाठी स्वतःच अर्ज करता येतो, जोडीदाराला कळवलं जात नाही, आणि २०१३च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर समलिंगी लग्नंही त्यात धरतात. वकील मात्र इमिग्रेशनचाच गाठा.

दुसरी धमकी अवघड. निखिलने आपणहून आधी बहिणीला सांगितलं, ती म्हणाली, "आईचं मी बघते, तू आधी तिथनं नीघ." सगळ्यांना अशी बहीण नसते, म्हणून घरी सांगायची घाई मी कोणालाच करत नाही, आधी पासपोर्ट, लग्नाचा दाखला, बँकेचे कागद यांच्या कॉप्या मैत्रिणीकडे ठेवा.

अमेरिकेत असाल तर १-८००-७९९-७२३३ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, दुभाषी मिळतो. जोडीदार तुमचा फोन चेक करत असेल तर ऑफिसातून किंवा दुसऱ्या कोणाच्या फोनवरून लावा.