किलमार्टिनला जाताय? मग ऊन तिरपं असताना जा

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, अर्गाइलमधल्या किलमार्टिनच्या चर्चच्या आवारात मध्ययुगातल्या थडग्यांवरचे कोरीव दगड आहेत. पहिल्यांदाच जात असाल तर एक आग्रहानं सांगते, भर दुपारी जाऊ नका. कोरीवकाम उथळ, त्यात शेकडो वर्षांच्या पावसानं झिजलेलं. डोक्यावरच्या उन्हात दगड नुसता करडा, सपाट दिसतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरीप आली की त्याच दगडातून तलवार वर उठून येते. आपल्याकडचे वीरगळ बघितले असतील तर ही गंमत ठाऊक असेलच. काही दगड आता छपराखाली आहेत, तिथे टॉर्च अगदी खाली, एका बाजूनं धरा.

बहुतेक दगडांवर नाव नसतं, म्हणून घाई नको. तलवारीच्या मुठीखालची आडवी पट्टी पात्याकडे झुकलेली दिसेल. योद्ध्याच्या अंगात गोधडीसारखा जाड अंगरखा, त्याच्या उभ्या शिवणी मोजता येतात! दगडावर कोरलेल्या पानवेलीचं एक टोक धरा आणि नजरेनं तिचा माग काढत जा.

शेवाळ मात्र खरवडू नका, खडू फिरवू नका, कागद ठेवून घासून ठसाही घेऊ नका. दगडाचा पापुद्रा सुटतो आणि तो परत येत नाही. ओल्या गवतासाठी बूट हवेतच. उन्हाळ्यात वारा पडला की बारीक चिलटं फोडून काढतात.

वेळ उरला तर किलमोरी नॅपचं छोटं चॅपलही गाठा. तिथल्या मॅकमिलन नावाच्या सरदाराच्या दगडी क्रुसाच्या एका बाजूला कुत्र्यांनी घेरलेलं हरीण आहे.