हात-पाय सुजतात आणि दुखतात, कारण काय असेल?

तुम्ही लिहिलंय की काही दिवसांपासून हात आणि पाय दोन्ही सुजतात, दुखतात, नेमकं काय असू शकतं. मी डॉक्टर नाही, संधिवाताची पेशंट आहे. एवढ्यावरून निदान कोणीच करू शकणार नाही, पण सूज सांध्यावर आहे की सगळ्या पायावर, हे नीट बघितलंत तरी निम्मा गुंता सुटेल.

नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरा. अंगठा काढल्यावर खड्डा तसाच राहिला तर अंगात पाणी साठतंय. ही सूज दुखते कमी आणि जड जास्त वाटते, संध्याकाळपर्यंत मोज्याचे वळ उठतात. अशा वेळी हृदय, किडनी, लिव्हर तपासतात. सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला फेस असेल तर किडनी आधी बघा. थायरॉइड कमी असलं तरी अंग सुजतं.

आणि चालू गोळ्या बघा, हे लोक हमखास विसरतात. माझ्या आईचे घोटे सुजायचे, सगळे रिपोर्ट नॉर्मल, शेवटी निघाली बीपीची अम्लोडिपिन, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि सूज उतरली (स्वतःच्या मनाने बंद करू नका हं). डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलरनेही शरीरात पाणी धरून राहतं, म्हणजे दुखतंय म्हणून रोज गोळी घ्यायची आणि सूज तिथेच.

सांधेच सुजत असतील तर गोष्ट वेगळी. माझ्या दोन्ही हातांची बोटं मुळाशी आणि मधल्या पेरांवर सुजायची, सकाळी मूठ वळायची नाही, टूथपेस्टचं झाकण फिरवायला दुसऱ्याला हाक मारावी लागायची, तासाभराने कुठे बोटं मोकळी व्हायची. दोन्ही बाजूंना सारखंच आणि सकाळी इतका वेळ आखडणं हे र्‍हुमॅटॉइडचं (संधिवाताच्या एका प्रकाराचं) लक्षण असू शकतं, आणि आरए फॅक्टर ही रक्ताची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून ते नाहीच असं नसतं, अँटी-सीसीपी, सीआरपी या रक्ताच्या टेस्ट पण करतात. उशीर केला तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात म्हणून थेट र्‍हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरला दाखवा. मध्यंतरी चिकनगुनिया झाला असेल तर त्यानंतरही महिनोन्महिने सांधे धरतात. गाऊट (युरिक अ‍ॅसिड वाढून होणारा संधिवात) मात्र बहुतेक वेळा एका रात्रीत, पायाचा अंगठा लालबुंद, चादरीचा स्पर्शही नको वाटतो, आणि गंमत म्हणजे ऐन दुखण्यात युरिक अ‍ॅसिड नॉर्मलही येऊ शकतं.

एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखतेय तर मालीश अजिबात करू नका, शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर तडक इमर्जन्सी. गरोदरपणात हात-तोंड एकदम सुजलं, डोकं दुखतंय, तर लगेच बीपी मोजून घ्या.

तुमचं वय, सकाळी किती वेळ आखडतं आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ते कमेंटमध्ये लिहा, म्हणजे निदान कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते तरी सांगता येईल.